पासष्ट मिलिमीटर

अतिवृष्टी कशाला म्हणायचं हे आभाळ ठरवत नाही, शासनाचा कागद ठरवतो. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाणी भरलं तर त्या मंडळात अतिवृष्टी झाली. चौसष्ट भरलं तर नुसताच पाऊस झाला. धाराशिव जिल्ह्यातलं आमचं ढोकी हे असंच एक मंडळ. मापक एका जागी उभा, आणि आजूबाजूच्या कितीतरी गावांचा हिशेब त्याच्या भरवशावर. ढगाला मंडळाची हद्द कळत नाही. तेरणा नदीच्या अंगाला पाऊस झोडपून काढतो, आणि मापक आहे तिथे रस्तासुद्धा धड भिजत नाही. मग तिकडच्या सोयाबीनला मोड आले ते कशाने, याचं उत्तर कागदात सापडत नाही. हल्ली पावसाळ्यात मी आभाळाकडे कमी आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मंडळनिहाय पावसाच्या तक्त्याकडे जास्त बघतो. ढोकी, तेर, मुरूड या पट्ट्यातले बहुतेक शेतकरी तेच करत असावेत.

तेव्हा हवामानबदलावर लिहायचं तर मला हिमनग आणि उत्तर ध्रुवापासून सुरुवात करता येत नाही. तो आमच्याकडे येतो तो शासन निर्णयाच्या, विम्याच्या अटीच्या, खरेदी केंद्रावरच्या मापाच्या आणि तलाठ्याच्या यादीच्या रूपाने. पाऊस बदललाय, यात शंका नाही. पण बदललेल्या पावसाने कोणाचं किती बुडायचं, हे ढगात ठरत नाही. ते इथेच, माणसांनी घेतलेल्या निर्णयांनी ठरतं, आणि त्या निर्णयांवर आपण मतं मागत नाही, देतही नाही.

‘हवामानबदल’ हा शब्द आता लातूर-बार्शी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवरही सहज कानावर पडतो. पूर्वी जिथे ‘नशीब’ म्हणायचे, तिथे लोक आता ‘क्लायमेट बिघडलंय’ म्हणतात. शिकलेल्या माणसाला याचं कौतुक वाटेल. मला धास्ती वाटते. नशिबाला निवडणुकीत पाडता येत नाही, तसं हवामानालाही पाडता येत नाही. पुढाऱ्यांच्या हे आपल्या आधी लक्षात आलंय. पाणी का नाही, तर हवामान. पीक का गेलं, तर हवामान. धरण भरलेलं असताना शेवटच्या चारीला पाणी का पोहोचलं नाही, यालाही लवकरच हवामानच कारण ठरेल. दुसऱ्या बाजूला असेही आहेत, की त्यांना आभाळात काही बदललंय हेच मान्य नाही. सगळं राजकारण आहे, पूर्वीही दुष्काळ पडायचे, असं त्यांचं म्हणणं. दोघंही अर्धं बघतात.

आधी आभाळाचं. धाराशिव जिल्ह्याची पावसाळ्याची सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास. २०१२ ते २०१६ या काळात लागोपाठ पडलेल्या दुष्काळांनी इथली बोअरं कोरडी पाडली. मधेच २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने रब्बी झोपवली. ऑक्टोबर २०२० मध्ये काढणीच्या तोंडावर ढगफुटीसारखा पाऊस. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस गुलाब चक्रीवादळाचा उरलेला जोर मराठवाड्यावर रिकामा झाला. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्या वर्षी राज्याने दुष्काळी जाहीर केलेल्या चाळीस तालुक्यांत धाराशिव, वाशी, लोहारा होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, याच जिल्ह्यात परंडा-भूम भागात माणसं हेलिकॉप्टरने उचलावी लागली. ज्या जिल्ह्याने टँकरची मागणी केली होती त्यानेच वाहून गेलेल्या मातीची यादी केली.

यामागचं विज्ञान फार गूढ नाही. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. अरबी समुद्र तापतोय, त्यामुळे वाऱ्याला ओझं जास्त मिळतं, आणि ते तो थोडं थोडं न सोडता एकदम टाकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस वाढला असं मात्र झालेलं नाही. पाऊस तेवढाच किंवा कमी, पडायचे दिवस कमी, आणि पडला की धिंगाणा. वर्तमानपत्र सप्टेंबरात छापतं, ‘जिल्ह्याने सरासरी ओलांडली’. पीक सरासरीवर जगत नाही. जुलैत दाणा करपला आणि सप्टेंबरात कुजला, तरी सरासरी भरतेच.

आता जमिनीकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या शिवारात खरिपाला मूग, उडीद, तूर, हायब्रीड ज्वारी, कुठे भुईमूग, कुठे तीळ असं पट्ट्यापट्ट्याने असायचं. मूग ऑगस्टअखेर निघायचा, पाठोपाठ उडीद, ज्वारी दसऱ्याच्या आगेमागे, तूर थेट संक्रांतीच्या सुमाराला. एखाद्या पावसाने मूग काळा पडला तर ज्वारी हाताशी राहायची; ज्वारीवर बुरशी आली तर तुरीला त्याच पावसाने फुटवे यायचे. कोणतंही एक संकट सगळं पीक एका आठवड्यात नेऊ शकत नव्हतं. याला कोणी ‘जोखीम व्यवस्थापन’ म्हणत नव्हतं. ती पेरायची रीत होती.

सोयाबीनने ती मोडली. यात सोयाबीनची चूक नाही आणि शेतकऱ्याचीही नाही. शंभर दिवसांच्या आत-बाहेर येणारं पीक, मळणीयंत्राने एका दिवसात ढीग, लातूरला तेलाच्या गिरण्या आणि मोठा बाजार, आणि मुख्य म्हणजे दिवाळीच्या आत हातात पैसा. कृषी सेवा केंद्राची उधारी भागवायची, पोरांचे कपडे घ्यायचे, रब्बीचं खत आणायचं, हे सगळं त्या एका मालावर. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर खायच्या ज्वारीची निकड कमी झाली होतीच. म्हणून जिल्हाच्या जिल्हा एकाच पिकाखाली गेला. सगळ्यांची पेरणी जूनमधल्या त्याच पावसावर, म्हणून सगळ्यांचं पीक सप्टेंबरअखेरच्या त्याच आठवड्यात काढणीला, आणि नेमका तोच आठवडा हल्ली आभाळाने स्वतःसाठी राखून ठेवलाय. पाऊस बदलला आणि पीक एकवटलं, या दोन्ही गोष्टी एकाच पंचवीस-तीस वर्षांत घडल्या. पहिलीला आपण हवामानबदल म्हणतो. दुसरीला काहीच म्हणत नाही.

ज्वारी गेली तेव्हा कडबाही गेला, हे वर्षभर लक्षात आलं नाही. मग जनावरं कमी झाली, मग शेणखत, आणि आता जमीन पाणी धरत नाही म्हणून पाणलोटाच्या योजना येतात. प्रत्येक योजनेवर फलक असतो. ज्वारी का गेली, याचा फलक कुठे नाही.

काढणीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन मग बाजारात जातं. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि त्या दिवाळीला बाजारात चार हजारांच्या आसपास भाव चालले होते. सरकारी खरेदी केंद्रावर हमीभाव मिळणार, पण मालातला ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. काढणीत पाऊस झालेल्या सालात बारा टक्के कुठून आणायचा? निवडणुकीच्या धामधुमीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, ही मर्यादा पंधरा टक्क्यांवर नेली गेली. चांगलं झालं. पण तोवर ज्यांना पैशाची घाई होती त्यांनी आडतीवर माल टाकून दिलेला होता, आणि घाई नेहमी लहान शेतकऱ्यालाच असते. पाच एकरवाला एकरी सहा क्विंटल धरून तीस क्विंटल काढतो. क्विंटलमागे साडेआठशेचा फरक धरला तर त्याचे पंचवीस हजार त्या मापाच्या काट्यावर राहिले. केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा मिळून वर्षाला बारा हजार त्याच्या खात्यावर येतात, आणि त्यावर त्याने आभार मानावेत अशी अपेक्षा असते. मी अशा पैशाच्या विरोधात नाही. ज्याला मिळतात त्याची चूल पेटते. पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. एका हाताने दिलेलं दिसतं, कारण त्याचा मेसेज येतो. दुसऱ्या हाताने सुटलेल्याचा मेसेज येत नाही.

उसाकडे वळलं की शहरातल्या मित्रांचा आवाज चढतो. तुमच्याकडे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही ऊस लावता! आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. कृषी खर्च व मूल्य आयोगाने म्हटलंय की महाराष्ट्रात उसाखाली चार टक्क्यांहून कमी क्षेत्र आहे, आणि सिंचनाचं जवळपास सत्तर टक्के पाणी तो घेतो. किलोभर साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जातं. २०१९ मध्ये मराठवाड्याच्या विभागीय आयुक्त कार्यालयानेच या भागात उसावर बंदी घालावी अशी शिफारस शासनाला केली होती. कागद वर गेला आणि वरच राहिला.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. पहिली खेप दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या खेपा. तिला जलदूत म्हणत. कुर्डुवाडी-बार्शीकडून येणारी ती गाडी आमच्याच रुळांवरून गेली. हाच मार्ग एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेचा होता, अरुंद रुळांचा. १९११ मध्ये तो लातूरपर्यंत पोहोचला तो मुख्यतः इथला माल बाहेर नेण्यासाठी. शंभर वर्षांनी त्याच वाटेने पाणी आत आलं. गाडी आमच्याकडे थांबणार नव्हती, पाणी लातूर शहराचं होतं, आणि त्यात गैर काही नाही. शहर तहानलेलं होतं. पण त्याच हंगामात मांजरा खोऱ्यातल्या कारखान्यांनी उसाचं गाळप केलं होतं, हे विसरून जलदूतची गोष्ट सांगितली की ती दुष्काळाची राहत नाही, रेल्वेच्या कौतुकाची होते.

इतकं मान्य करूनही मी उसवाल्याला हावरा म्हणणार नाही. ऊस पाण्यात चार दिवस उभा राहतो. सोयाबीन राहत नाही. पाऊस लांबला तर ऊस सुकतो, पण दोन पाण्यात पुन्हा उभा राहतो. आणि त्याचा भाव लावणीच्या वेळी ठाऊक असतो. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर जाहीर आहे. तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते, पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा नियम आहे, आणि तो कितीदा मोडतो हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही घेणारा ठरलेला, दर ठरलेला, आणि न दिला तर दाद मागायला कायदा. महाराष्ट्रात असं दुसरं कोणतं पीक आहे? ऊस ही शेतकऱ्याने स्वतःच काढलेली विमा पॉलिसी आहे. हप्ता पाण्याचा, तोही सगळ्या गावाच्या बोअरमधून भरलेला. बंदीने ती मोडणार नाही. तुरीला आणि ज्वारीला अशीच हमी कायद्याने द्या, आमच्या शिवारातला ऊस दहा वर्षांत निम्म्यावर येतो की नाही बघा. हे माझं मत आहे, सिद्धान्त नाही. पण ते खोटं पाडायची तसदी आजवर कोणत्याही सरकारने घेतलेली नाही.

ढोकीला हे सांगायचा अधिकार आहे, कारण इथे पॉलिसी देणारी संस्थाच बुडाली. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना मराठवाड्यातल्या सुरुवातीच्या सहकारी कारखान्यांपैकी एक. तेरणानगर म्हणून आख्खी वसाहत उभी राहिली. भोंगा वाजला की गावाला वेळ कळायची. चेअरमन कोण, यावरून जिल्ह्याचं राजकारण कळायचं. कारखान्याची निवडणूक, मग जिल्हा परिषद, मग विधानसभा अशी ती पायरी होती. कर्ज थकलं, कारखाना बंद पडला, वर्षानुवर्षं बंद राहिला, सभासदांचे शेअर कागदावर आणि कामगारांची देणी तोंडावर राहिली, आणि शेवटी जिल्हा बँकेने तो भाड्याने चालवायला दिला. या काळात उसाची नोंद कुठे करायची, टोळी कोण देणार, तोड कधी मिळणार, यासाठी ऊसवाला शेजारच्या खासगी कारखान्यांच्या दारात उभा. सभासद होता तेव्हा तो निदान सर्वसाधारण सभेत ओरडू शकत होता. आता तो पुरवठादार आहे.

सहकार बुडाला तो भ्रष्टाचाराने, असं म्हणून आपण मोकळे होतो. ते खरंच आहे. पण दुष्काळी सालात ऊस मिळत नसताना कारखाना चालवायचा, चांगल्या सालात राखीव निधी ठेवायचा आणि वाईट सालात तो वापरायचा, ही साधी गोष्ट कोणी केली नाही, हेही तितकंच खरं आहे. पाऊस एक वर्षाआड दगा देणार असेल तर चांगल्या वर्षाने वाईट वर्षाचं भरावं लागतं. आमच्या संस्थांनी चांगल्या वर्षातच सगळं खाल्लं. वाईट वर्षात सरकारकडे हात पसरला. तीच सवय पुढे पंचनाम्याला लागली.

पंचनाम्याचं राजकारण मी जवळून बघितलंय. ऑक्टोबर २०२० मध्ये मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेते, शरद पवार असे सगळे जिल्ह्यात आले. बांधावर उभं राहून चिखल बघितला, शेतकऱ्याने हातात सडलेलं पीक धरलं, फोटो निघाले. २०२५ मध्ये तेच. फक्त माणसांच्या खुर्च्या बदललेल्या. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकडा मोठा आहे. आमच्यापर्यंत तो कसा येतो बघा: कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी ३,४००, वर रब्बीच्या बियाणांसाठी हेक्टरी १०,०००, म्हणजे एकरी ४,०००, तेही तीन हेक्टरच्या मर्यादेत. बी, खत, फवारणी, खुरपणी धरून एकरी पंधरा हजारांच्या आत सोयाबीन कोणाचंच होत नाही. मदत मिळू नये असं कोण म्हणेल? पण मदत हा शब्दच असा, की देणारा मोठा होतो. किती द्यायची, कधी द्यायची, कोणत्या निवडणुकीच्या आधी द्यायची, हे तो ठरवतो.

विमा याला उत्तर व्हायला हवा होता, कारण विम्यात उपकार नसतो, करार असतो. २०२० च्या खरिपाचं काय झालं? पीक गेल्याचे सरकारी पंचनामे होते, तरी ७२ तासांत नुकसानीची सूचना दिली नाही म्हणून भरपाई नाकारली गेली. पाण्यात बुडालेल्या शिवारात, वीज नाही, रेंज नाही, आणि ॲपवर फोटो टाकायचा. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई द्यायचा आदेश दिला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. म्हणजे एका पावसाची भरपाई मागत शेतकरी कोर्टात उभा असताना त्याच्या शेतावरून आणखी पावसाळे गेले. मग २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला. गैरप्रकार झाले म्हणून २०२५ मध्ये तो बंद झाला. बंद होताना त्याच्याबरोबर स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान या भरपाईच्या वाटाही गेल्या. उरला तो फक्त पीक कापणी प्रयोगावर आधारलेला मंडळाचा सरासरी उतारा. नेमक्या त्याच वर्षी सप्टेंबरचा पूर आला. बोगस अर्ज भरणाऱ्यांना पकडायचं सोडून खऱ्याचं छत्र काढून घेतलं, आणि त्यावर विधानसभेत जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. सत्तेत कोण होतं आणि विरोधात कोण, याला मी इथे महत्त्व देत नाही. ७२ तासांची अट एकाच्या काळात जाचली आणि वाटा दुसऱ्याच्या काळात बंद झाल्या.

तरीही वरच्या सगळ्या हिशेबात एक माणूस कुठेच आलेला नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचं नुकसान झालंच नाही, असं आपली सगळी व्यवस्था धरून चालते. सोयाबीन काढायचं गुत्तं घेणाऱ्या बायका दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस दिवस उगवायच्या आत बाहेर पडतात. वर्षातली त्यांची सगळ्यात मोठी कमाई तीच. पीक पाण्यात गेलं की मालकाचा पंचनामा होतो. बुडालेल्या गुत्त्याचा पंचनामा कोण करणार? त्यांना हेक्टरी काही मिळत नाही, कारण त्यांच्याकडे हेक्टर नाही. आणि ज्या घरात जमीन आहे तिथेही राबणाऱ्या बाईचं नाव उताऱ्यावर बहुतेक नसतंच. मालक मरून गेल्यावर ते चढवायला तिला तहसीलच्या किती चकरा माराव्या लागतात हे ज्याने बघितलंय त्याला मदतीच्या याद्यांबद्दल फार सांगावं लागत नाही. सरकारकडून बायकांच्या खात्यावर येणाऱ्या महिन्याच्या दीड हजारांना म्हणूनच घराघरात इतकी किंमत आली. ज्यांना ते पैसे म्हणजे मतांची लाच वाटते त्यांनी एकदा हा विचार करावा, की सातबारा न विचारता बाईच्या खात्यावर आलेला तो बहुतेक घरांतला पहिलाच नियमित पैसा होता.

‘पूर्वीही दुष्काळ पडायचे’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी १९७२ ची आठवण करून देतो, कारण त्यांच्या वाक्यात त्यांना न दिसलेला मुद्दा तिथेच आहे. बहात्तरचा दुष्काळ मराठवाड्याने खडी फोडून काढला. आमच्या भागातले कित्येक पाझर तलाव आणि रस्ते त्या हातांनी झालेले. पण ती नुसती मदत राहिली नाही. वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळाने सरकारला पटवली, आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला: काम मागणाऱ्याला काम देणं ही शासनाची जबाबदारी. जमीन असो, नसो. बाई असो, पुरुष असो. कोणी मंत्री बांधावर येवो, न येवो. २००५ च्या केंद्रीय कायद्याचा पाया तोच. २०२५ मध्ये पुराने खरवडून नेलेल्या जमिनीसाठी राज्य सरकार हेक्टरी तीन लाखांची कामं देऊ म्हणालं तेही याच रोजगार हमीतून. नवं काही सुचलं नाही म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या राजकारणाकडे हात पसरला.

बहात्तरनंतर एका संकटातून एक हक्क निघाला. २०१२ पासूनच्या दुष्काळ-पुरांतून पॅकेजं निघाली, दौरे निघाले, योजनांची नावं निघाली, पण कायद्याने मागता येईल असा एकही नवा हक्क निघालेला नाही. जलयुक्त शिवार आलं, गेलं, पुन्हा आलं. जागतिक बँकेच्या पैशावरची नानाजी देशमुख कृषी संजीवनी योजना आली. कोणाला शेततळं मिळालं, कोणाला ठिबक, आणि कोणाला यादीत नाव. कृष्णेचं पाणी मराठवाड्याला द्यायची गोष्ट माझ्या तरुणपणापासून ऐकतोय. पहिल्या टप्प्यातले सात टीएमसी हा आकडा शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पाणी आलं तर आनंदच आहे. पण ते ऊसच पिणार असेल तर आणलं कशाला, हा प्रश्न एकाही सभेत विचारला जात नाही.

आणि पैशाचं काय, असं विचारलं जातं. हमी द्यायची, भूमिहीनांना भरपाई द्यायची, तर तिजोरीत आहे काय? याचंही उत्तर बहात्तरच्या पिढीने देऊन ठेवलंय. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या पावतीवर आजही तो असतो: महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाला अडीच हजार. बहुतेकांना ती कपात कशाची हे माहीत नसतं. मागेल त्याला काम मिळावं, त्यातही धाराशिव-बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतल्या माणसाला, म्हणून मुंबईतल्या कारकुनाने दरमहा थोडं द्यावं, असं तेव्हाच्या विधिमंडळात बसलेल्या माणसांनी ठरवलं, कायद्यात लिहिलं, आणि पुन्हा मतं मागायला गेले. आज हवेत जो धूर साठलाय त्यात ढोकीच्या गुत्तेवाल्या बाईचा वाटा किती आणि शहरातल्या माझ्या भावाच्या गाडीचा, एसीचा किती, याचा हिशेब केला तर तशी कपात मागायला आज कारण तेव्हापेक्षा जास्त आहे. ती मागणारा उमेदवार मला अजून भेटलेला नाही, ना शहरात, ना आमच्याकडे. आमच्याकडे तर तो अजून पंचनाम्याची तारीख सांगतोय.